घरमालक खाली गेलाय

६ जानेवारी

वन्सं,

तुला वन्सं म्हटलं की तुझं तोंड वाकडं होतं हे ठाऊक आहे, म्हणूनच म्हटलं. डोंगरावर बसून ढगांची हजेरी घेणाऱ्या बाईला मधूनमधून जमिनीवर आणायचं तर भावजयीचा एवढा तरी हक्क हवा.

भेटायला येणारे आता थांबले. तुझ्या दादाच्या शाळेतले मास्तरलोक येऊन गेले, त्याचे विद्यार्थी येऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या आजी तर मला समजावता समजावता स्वतःच रडायच्या आणि मग मी त्यांना पाणी द्यायचे. मीही पुन्हा दुकानात जायला लागलेय.

मुद्द्याचं लिहिते. आमच्या बाई शेजारच्या शहरात दुसरं दुकान काढताहेत. काम हेच, लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून द्यायचं. पण दुकान सगळं माझ्या हाती, आणि वर राहायला दोन खोल्या. एप्रिल संपायच्या आत जायचं. मी हो म्हणणार आहे. या घरात मला श्वास घेता येत नाही गं. ज्या खुंटीकडे बघावं तिथे त्याचं काहीतरी लटकलेलं. इथेच राहिले तर मशीनवर बसल्या बसल्या म्हातारी होईन आणि मला पत्ताही लागणार नाही.

राहता राहिली ती खेकड्यांची टाकी. दुकानदाराने रंगवलेल्या शंखांत कोंबून तारेच्या पिंजऱ्यात टांगलेले हे तीन जीव तुम्ही बहीणभावांनी भांडून सोडवून आणलेत. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की माझ्या शिवणाच्या टेबलावर नकोत. लहान दोघे, ज्यांना तो भाडेकरू म्हणायचा, ते रोज दिसतात. तो जांभळट नांगीचा मोठा, ज्याला तो घरमालक म्हणायचा, तो मात्र दिसत नाही. तुझा दादा गेला त्याच आठवड्यात वाळूत शिरला तो शिरलाच. मेला असेल तर टाकी घासून विकते. नसेल तर कुणाला देऊ ते सांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तुझी,
खेकड्यांना भिणारी वहिनी


१३ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आजच्या गाडीने वर आलं आणि ड्रायव्हरला चहात अडकवून मी हे उत्तर लिहितेय. गाडी सोमवारी येते आणि सोमवारीच परतते. फोन इथे नुसता घड्याळ म्हणून चालतो. माझ्याबरोबर वेधशाळेत जो दुसरा निरीक्षक आहे, ज्याला आम्ही रेडिओ म्हणतो कारण तो बंद होत नाही, तोही आज गप्प बसलाय माझा चेहरा बघून.

हात जोडते, टाकी कुणाला देऊ नकोस. नव्या दुकानाला खुशाल हो म्हण, जा, पण तोवर तरी सांभाळ. घरमालक मेलेला नाही. तो खाली गेलाय, कात टाकायला. शंखातला खेकडा वाढला की त्याला अंगचं कवच पुरत नाही. मग तो ओल्या वाळूत खोल शिरतो, अंधारात बीळ करतो, जुनं कवच सोडतो आणि नवं कडक होईपर्यंत तिथेच पडून राहतो. मोठ्याला महिनोन्‌महिने लागतात. तेवढे दिवस त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. उकरलंस तर तिथेच मरेल.

वाळू आणि काथ्याचा भुसा मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतपत ओला ठेव. काचेचं झाकण लावलेलं राहू दे, हवा कोरडी झाली की त्यांना श्वास घेता येत नाही. टाकीतल्या काट्यावर ऐंशीच्या आसपास आर्द्रता दिसायला हवी. गरम पट्टी काचेला बाजूने चिकटवलेली आहे, तिला हात लावू नकोस. बशा दोन, चिनी मातीच्या: एकीत गोडं पाणी, एकीत खारं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मगच घाल, त्यातलं औषध उडून जातं. खाऱ्यासाठी स्वयंपाकाचं मीठ नको, दादाने आणलेलं समुद्री मीठ कपाटात आहे. दोन-तीन रिकामे शंख आत पडलेले असू देत, आवडला तर घेतात.

आणि त्याचं म्हणशील तर, शोधायला जाऊ नकोस. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. त्याच्या जागेतलं काही हलवू नकोस. खोली उबदार राहू दे. खाणं रोज ताजं ठेव, त्याने खाल्लं नाही तरी. आवाज कमी कर, संध्याकाळी दिवा मंद कर. धीर धर. तो येईल.

तो गुरुवारी गेला आणि गाडी सोमवारी होती, वहिनी. मी दादाला शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हाताने जगवलेलं एवढंच उरलंय.

तुझी,
डोंगरावरची


२ फेब्रुवारी

वन्सं,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. काटा ब्याऐंशीवर आहे. खोलीच्या खिडकीच्या फटीत अस्तराच्या पट्ट्या शिवून कोंबल्यात, आता वाऱ्याची झुळूक आत येत नाही. गॅसवर पातेलं ठेवून वाफ करते. मी काम हातात घेतलं की टाका सोडत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

जागेतलं काही हलवू नकोस म्हणालीस ते बरं झालं. मी त्याचे शर्ट गाठोड्यात बांधले होते, आजींच्या ओळखीच्या एकांना द्यायला. परत कपाटात लावले, जसे होते तसे. चष्माही टेबलावर आणून ठेवला. ते वाळूचं पोतं, जे आणायला तो जिना उतरला होता, ते इतके दिवस जिन्याखालीच पडून होतं. मी आणि रखवालदाराने मिळून वर आणलं. फोडलं नाही. त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलंय.

खाणं रोज ठेवते.

एक विचारायचं होतं. संध्याकाळी दिवा मंद केला की त्या खोलीतून घसा खाकरल्यासारखा आवाज येतो. दोनदा, आणि मग थोडं थांबून एकदा. तो वर्गात शिरण्याआधी खाकरायचा तसा. काल दुकानातून आले तर खुर्चीवर वाळू होती. थोडीशीच, माणूस बसून उठल्यावर झटकली जाते तेवढी. मी झटकली नाही.

वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

ब्याऐंशी! अगं, आमची सरकारी उपकरणं इतकी इमानदारीने काम करत नाहीत. रेडिओला वाचून दाखवलं तर म्हणाला, बाईंना इथे नोकरीला लावा. दादा असता तर तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला असता, शेवटी आलीस ना आमच्या कंपूत!

आवाजाचं घाबरू नकोस. हे खेकडे करकरतात, बेडकासारखे, विशेषतः एकमेकांना धक्का लागला की. दादासुद्धा पहिल्यांदा दचकला होता. खुर्चीवरच्या वाळूचं मात्र बघ, भाडेकरूंपैकी एखादा झाकणाच्या कोपऱ्यातून बाहेर फिरायला जात असेल. वर एखादं जड पुस्तक ठेव.

शर्टांचं तुला जमेल तेव्हा कर, घाई कुणी केलीय? आणि बाईंना होकार कळवलास का? ते लिहायचं विसरलीस.

तुझी,
कौतुकाने फुगलेली नणंद


१९ मार्च

वन्सं,

पुस्तक ठेवलं. वाळू तरीही येते.

बाईंना कळवलं की मी येत नाही. इथून हलायचं नाही तर दुकान कसं घेणार? त्या रागावल्या, मग घरी आल्या, दारातूनच म्हणाल्या, अगं आत किती कोंदटलंय, भिंतींना बुरशी चढलीय. आता मी सगळ्याच खिडक्या बंद केल्यात ना. एका खोलीत ओल धरत नाही. मी सध्या दुकानात जात नाही. खोकला आहे थोडा. आजींना दार उघडत नाही, त्यांचा आवाज फार मोठा.

तुला एक कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मी सुईत दोरा ओवत होते. तो म्हणाला, ‘वाळूचं पोतं आलंय, खाली जाऊन येतो.’ मी मान वर न करता हं म्हटलं. दारातून निघताना आपल्यात कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात, ती बोलायची रीतच आहे, हे मलाही कळतं. पण तो म्हणाला होता. आणि मग सगळेजण मला सांगायला लागले, आता विसर, आता सावर, पुढचं बघ. एक तू लिहिलंस. खाली गेलाय. शोधू नकोस. त्याच्या जागेतलं काही हलवू नकोस. तो येईल.

तुझं ते पत्र मी टेबलावर चष्म्याखाली ठेवलंय. ताट रोज वाढते. काल भाताच्या कडेला बोटाएवढी जागा रिकामी झाली होती.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

मी खेकड्याबद्दल लिहीत होते! वहिनी, अगं वहिनी, मी खेकड्याबद्दल लिहीत होते.

सगळ्या खिडक्या उघड. हे वाचता वाचता ऊठ आणि उघड, मग बाकीचं वाच. टाकीतली हवा टाकीत राहू दे. माणसाने त्या हवेत राहायचं नसतं, छाती भरेल. आजींना घरात घे. डॉक्टरकडे जा. बाईंच्या पाया पडावं लागलं तर पड, पण ते दुकान घे.

मी काय करून बसले! तुझी प्रत्येक ओळ मी टाकीच्या काट्यासारखी वाचली आणि खूश झाले. शर्ट कपाटात परत गेले तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. रजेचा अर्ज केलाय, पण माझ्या जागी येणारा माणूस आजारी आहे आणि रेडिओला एकट्याने सगळ्या नोंदी झेपत नाहीत. पुढच्या सोमवारी नाही तर त्याच्या पुढच्या.

दादा तर गेला ना गं. तुला माहीत आहे. तूच होतीस तिथे.

लगेच लिही. एक ओळ लिही.


९ एप्रिल

वन्सं,

एक ओळ लिही म्हणालीस आणि मी दोन आठवडे गप्प बसले, रागावू नकोस. तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं होतं. खिडक्या उघडल्या नव्हत्या. तू काय लिहिलं होतंस ते मला कळलं, पण कळून हात उठत नव्हता.

परवा संध्याकाळी घरमालक वर आला. मेलेला.

वाळूवर पडला होता, अंगावर शंख नाही, नागडा. पाय, नांग्या, देठावरचे ते डोळे, सगळं जिथल्या तिथे. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. मग हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हात लावला. वजनच लागलं नाही हाताला. एवढा मोठा जीव आणि आत काही उरलंच नव्हतं. भाडेकरू बाजूला उभे राहून बघत होते.

रेशमी अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून मी त्याला खाली नेलं, फाटकाशेजारच्या वाफ्यात पुरलं. शंख खालीच राहिला असेल, मी काही वाळू उपसली नाही. परत जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने. आजी वरून धावत आल्या, त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं आणि या खेपेला त्या रडल्या नाहीत.

मग घरी येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. अस्तराच्या पट्ट्या ओढून काढताना नखं दुखली. बाईंना निरोप पाठवलाय, त्यांनी जागा अजून कुणाला दिली नव्हती. शर्ट आजी घेऊन गेल्या.

आता एकच कर. तुला यातलं कळतं. तो मेला ना? तेवढं एक लिहून पाठव, म्हणजे मी निघते.

वहिनी


१४ एप्रिल
(हे पत्र पाठवलं नाही.)

वहिनी,

तो मेलेला नाही. तू पुरलंस ते नुसतं कवच होतं. मेलेल्या खेकड्याला असा वास सुटतो की घरात उभं राहवत नाही, आणि तू वासाचं अक्षरही लिहिलेलं नाहीस. वजन लागलं नाही म्हणतेस, लागणारच नव्हतं, ती कात होती, भाडेकरूंनी बिळातून वर ओढून आणलेली. घरमालक खाली आहे, शंखात आहे, जिवंत आहे. त्याला ते कवच खायचं असतं, त्यातूनच नवं कडक होतं. ते तू नेलंस. आता समुद्रफेसाचा चुरा वाळूवर टाक, वाळू ओली ठेव, खिडकी लाव आणि वाट


१४ एप्रिल

वहिनी,

हो. मेला.

कात टाकताना कधीकधी जीव पुरत नाही त्यांचा. तुझी काही चूक नाही, तू त्याला कुणी ठेवलं नसतं इतकं नीट ठेवलंस. आता तू नीघ. माझी वाट बघू नकोस.

टाकी तेवढी मला पाठव. इथे एका उपकरणाला काचेची पेटी हवी आहे. वाळूसकट पाठव, आतलं काही उपसायच्या भानगडीत पडू नकोस, उगाच तुझा वेळ जाईल. भाडेकरूंना ओल्या फडक्यात, भोकं पाडलेल्या डब्यात घाल. ड्रायव्हरला सांगितलंय, टाकी मांडीवर घेतल्यासारखी आणायची, तिरकी करायची नाही.

तुझी,
नणंद


१२ मे

वन्सं,

पाटी लागली! फोटो पाठवतेय. अक्षरं जरा तिरकी आहेत. रंगाऱ्याला सांगितलं तर म्हणतो, बाई, तुमची मान तिरकी आहे.

दुकानासमोर बसथांबा आहे, त्यामुळे दिवसभर लोक आत डोकावतात. काल एक गृहस्थ लग्नातला कोट घेऊन आले, म्हणाले, आटलाय. मी पोटाकडे बघितलं आणि म्हटलं, हो, कापड आटतं कधीकधी. खुशीत दुप्पट पैसे कबूल करून गेले. खोकला थांबला. वरच्या खोल्यांत इतका वारा येतो की कापडावर कात्री ठेवावी लागते.

रात्री अजून हात पलीकडे जातो. रिकामं लागतं. मग मी कूस बदलते आणि झोपते, आणि झोप येते गं, त्याचं मलाच नवल वाटतं.

तू कधी येतेस? रजा मंजूर झाली म्हणाली होतीस. गादी घालून ठेवलीय.

तुझी,
दुकानवाली वहिनी


३० जून

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुझा फोटो रेडिओने भिंतीवर लावलाय. रजा मी रद्द केली. सध्या टाकी सोडून येता येत नाही.

तुला खोटं लिहिलं होतं, ते आता सांगून टाकते. तू पुरलंस ती कात होती. वास नव्हता, वजन नव्हतं, वाचताक्षणी मला कळलं. पण तुला खरं लिहिलं असतं तर तू पुन्हा खिडक्या लावल्या असत्यास. म्हणून टाकी इथे मागवली. घरमालक खालीच आहे. मी त्याला जगवणार.

इथली हवा त्याला मानवत नाही, फार गार आणि फार कोरडी. म्हणून खोली बंद केलीय, टाकीभोवती रजया, शेगडी सतत. दुपारच्या नोंदी रेडिओ घेतो. टाकीपाशी कुणीतरी असायला हवं ना.

गेल्या आठवड्यात तो आला. संध्याकाळी मी मान वर केली आणि शंख वाळूवर होता, घरमालकाचाच, तोंडाशी तपकिरी पट्टा असलेला. मी दादा म्हणून हाक मारली. मोठ्याने मारली, रेडिओ धावत आला. मग शंख चालायला लागला आणि चालता चालता कलंडला. आतला जीव शंखाला पुरत नव्हता. दोन भाडेकरूंतला थोरला होता आत. नांगी बाहेर आली ती तांबूस, जांभळी नव्हती.

मी विचार केला. घरमालकाने खाली दुसरा शंख घेतला असणार, मी दोन मोठे शंख वाळूत दाबून ठेवलेच होते. नको झालेलं घर सोडून दिलं आणि भाडेकरूने ते उचललं. त्यांच्यात तसंच चालतं.

थोडा वास येतो. रेडिओ म्हणतो, थोडा नाही, आणि आपलं अंथरूण घेऊन सामानाच्या खोलीत गेलाय. पण त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. समुद्रफेसाचा असेल, किंवा ओल्या रजईचा.

तू म्हणाली होतीस ते घसा खाकरणं मलाही ऐकू येतं. मी तुला शहाणपणाने बेडकाचं सांगितलं होतं. भाडेकरू दोघेही डोळ्यांसमोर गप्प बसलेले असतात, वहिनी, आणि तरी येतं. दोनदा, मग थांबून एकदा. कडी मी आतून लावते, नाहीतर सारखं दार उघडून ऊब जाते.

वाट बघायला हवी, एवढंच. तू नाही का बघितलीस?

नणंद


७ जुलै, गाडीत

वन्सं,

हे पत्र टपालाच्या पिशवीतून येणार नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसून लिहितेय आणि तो प्रत्येक खड्डा शोधून त्यात गाडी घालतोय, म्हणून अक्षर असं. तुझ्या दाराखालून सरकवीन. समोर आले तर मला बोलता येणार नाही, म्हणून आधी हे वाच.

खोटं लिहिलंस त्याचा राग आला होता. दुपारभर आला. मग वाटलं, तू ‘मेला’ असं लिहिलंस त्या एका शब्दावर मी घराबाहेर पडले. तू ते खेकड्याबद्दल लिहिलं होतंस हे मला तेव्हाही कळत होतं. कुणाबद्दल वाचायचं ते मी ठरवलं. बाकी सगळे गेला, सोडून गेला, देवाघरी गेला म्हणत होते, आणि गेलेल्याची वाट बघता येते.

तेव्हा आता मी तुला सांगते, आणि मी खेकड्याबद्दल सांगत नाहीये. दादा मेला. गुरुवारी, जिन्याच्या तळाशी. मी पोचले तोवर त्याचा हात गार पडायला लागला होता. चेहरा शांत होता असं सगळ्यांनी तुला सांगितलं असेल. नव्हता. अर्धवट जांभई आल्यासारखं तोंड होतं आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता. मी ती चप्पल काढून बाजूला ठेवली, मग दुसरीही काढली. तू पाहिलं नाहीस म्हणून मी पाहिलेलं तुला देतेय, मला एकटीला ते जड होतं.

तू मंगळवारी आलीस. दारातच कुणीतरी तुझ्या हातात चहाचा ट्रे दिला आणि तू रात्रीपर्यंत कप विसळत राहिलीस. तुला रडायला कुणी जागा दिली नाही. मीसुद्धा नाही. मला वाटलं, ही किती खंबीर.

घाबरू नकोस, वाळू मी उपसेन. हातमोजे आणलेत. जे निघेल ते निघेल, मी आता भीत नाही. भाडेकरूंना बादलीत ठेवू आणि वाळू बदलून पुन्हा घालू. थोरल्याला तो शंख राहू दे, वाढेल त्यात. तुला बघायचं नसेल तर भिंतीकडे तोंड करून उभी राहा, पण खोलीतून जाऊ नकोस. मग हवं तेवढं रड. मी कुठे जात नाही, पुढच्या सोमवारची गाडी परतेपर्यंत बाईंची मुलगी दुकानात बसणार आहे.

वाचून झालं असेल तर कडी काढ. मी दाराबाहेर उभी आहे, आणि इथे फार गारठा आहे गं.